पान अठ्ठ्याऐंशी, पहिली ओळ

पान उलटलं की माथ्यावर
तीनच शब्द, एकटे :
दारात उभी होती.
बाकीचा परिच्छेद मागल्या पानाच्या तळाशी
खाऊनपिऊन सुखी.

कोटबुसला बाहेर उणे सहा.
शेवटची ट्राम गेली, हीटर टकटकतोय,
आणि मी सेटिंगच्या खिडकीत खिडक्या उघडत
एक चौकोन शोधतेय, खूण करायला.

डीटमार कुशेल, ज्यांच्या हाताखाली मी शिकले,
त्यांच्या काळी शिसं होतं, खिळे होते,
आणि या ओळीला नाव होतं : रांडेचं पोर.
कुठून आलं, त्यालाच ठाऊक नाही.
परिच्छेदाची पहिलीच ओळ पानाच्या तळाशी एकटी राहिली
तर तो मोच्याचा पोऱ्या.
कुठे निघालाय, त्यालाच ठाऊक नाही.
कुशेल शिव्या देत दोन ओळींच्या मध्ये
शिशाची पातळ पट्टी सरकवायचे, की झालं.
आता यंत्र सभ्य आहे. ते म्हणतं :
विधवा. अनाथ. नियंत्रण : चालू?

चालू.
तिला सोबत म्हणून यंत्राने
मागल्या पानावरची एक ओळ धाडून दिली.
सत्त्याऐंशीच्या तळाशी खिंडार पडलं,
शेजारच्या शहाऐंशीशी तळ जुळेना,
जणू टेबलाचा एक पाय आखूड.
म्हणून वरचा परिच्छेद सैल केला,
तर एक्क्याण्णववर मोच्याचा पोऱ्या हजर.
एक सांधावं तर तेरा तुटतात,
ही म्हण एखाद्या जुळाऱ्यानेच केली असणार.

नियंत्रण बंद. अक्षरांतलं अंतर उणे पाच.
मजकुराने पोट आत घेतलं, ओळ हलली नाही.
उणे बारा. हलली,
पण आता अक्षरं एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी.
कुशेलना हे चष्म्याशिवाय दिसलं असतं.
शब्द तोडायची मुभा दिली,
तर नेमकं गावाचं नाव तुटलं : वोल्-
शिना.
ते तरी नको. ते गाव एकदा
कोळशाच्या खाणीने मुळापासून उचललेलं आहे.

उरतो एकच उपाय : लेखकाला विचारून
एखादा शब्द कमी करायचा किंवा वाढवायचा.
लेखक मेर्चिन नोआक, वोल्शिनाचे पोस्टमन,
घर क्रमांक एक ते एकसष्ट, सगळी दारं पाठ.
गेल्या मार्चमध्ये वारले.

सकाळी त्यांच्या बायकोला फोन केला.
ट्रुडला नोआकोवा, वय एक्क्याऐंशी.
म्हणाल्या, कसली ओळ?
यंत्राचा शब्द तोंडावर आला, गिळला.
कुशेलचा शब्द आला, तोही गिळला.
म्हटलं, एकटी राहिलेली.
त्या हसल्या. मग राहू दे की,
एकटं राहिल्याने कुणी मरत नाही.
बरं, वाचून दाखव.

वाचलं : शेवटची गाडी भरून निघाली
तेव्हा ट्रुडला दारात उभी होती.

दारात?
पलीकडे किटली शिट्टी मारत होती, कुणी उचलेना.
दार आदल्याच दिवशी काढून विकलं होतं.
मी छपरावर होते, कौलं उतरवत.
चारशे बारा उतरवली, नव्या घराला लावली,
अजून गळत नाहीत.
मेर्चिनला उंचीची भीती, तो वर बघायचाच नाही.
लिही तसं.

लिहिलं. कौलांच्या आकड्यासकट.
परिच्छेद दीड ओळ वाढला.
अठ्ठ्याऐंशीच्या माथ्यावर आता सव्वादोन ओळी,
सत्त्याऐंशीचा तळ शहाऐंशीला टेकला,
एक्क्याण्णवचा पोऱ्या
न सांगता पुढच्या पानावर निघून गेला.

मी हात चोळले, कॉफी ओतली.
एकशे तीनवर काहीतरी लाल झालंय.